आधी टेप, मग तिकीट

रोलर कोस्टर म्हटलं की खोपोलीचं इमॅजिका आठवतं. ते २०१३ला सुरू झालं, तिथली नायट्रो जबरदस्तच. पण गडचांदूरहून तिथे जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. आपल्याला हैदराबाद जवळ पडतं. तिथलं वंडरला २०१६पासून चालू आहे, शहराच्या दक्षिणेला, आउटर रिंग रोडलगत रावीर्यालच्या बाजूला. तेव्हा ही कृती वंडरलाची.

पहिलं काम घरीच. पोरांना चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलीनं खूण करा आणि टेपनं मोजा. तिकीट मुलाचं की मोठ्याचं, हे तिथे उंचीवर ठरतं, वयावर नाही. मोठ्या राइडमध्ये कोण बसणार हेही उंचीवरच. राइडपाशी पट्टी असते, टाचा उचलून भागत नाही. दोन बोटं कमी भरत असतील तर घरीच सांगून टाका. रांगेच्या तोंडाशी जाऊन परत फिरलेलं पोर दिवसभर फुगून बसतं.

मग वार ठरवा. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत चंद्रपूरला आणि बल्लारशाहला थांबते, मंगळवारी धावत नाही. बुधवारी जाणं, गुरुवारी पार्क, शुक्रवारी परत, असं बसवलं तर रविवारची गर्दीही टळते. परतीचं आरक्षण आधी करा, जाण्याचं नंतर. सुटीत परतीच्याच जागा आधी संपतात. दिवाळीची सुटी उत्तम. पावसाळ्यात मात्र बेत आखू नका. वर्धा फुगली की राजुरा-बल्लारपूर पूल पाण्याखाली जातो आणि हातातली तिकिटं हातातच राहतात. इतर दिवशीही पहाटे लवकर निघा. राजुऱ्यापर्यंत सिमेंटचे ट्रक पुढे असले की तासाचा दीड तास होतो.

डब्यात तिखट पुऱ्या, चिवडा घ्या, पण तो गाडीपुरताच. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. मुक्काम स्टेशनजवळ न करता एल. बी. नगरच्या बाजूला करा, सकाळचं अंतर कमी होतं. आणि रिक्षा-टॅक्सीचं बोलणं घरात ज्याला तेलुगू येतं त्याच्याकडे सोपवा. कोरपना-जिवतीकडच्या घरात असा एक तरी माणूस निघतोच, त्याचा भाव त्या दिवशी वाढतो.

कपड्यांचं आधीच बघा. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनसारखेच लागतात. आजींना साडीत पाण्यात उतरू देणार नाहीत. त्यांना उतरायचं असेल तर कपडे घरूनच न्या, तिथल्या दुकानात महाग पडतात. नसेल उतरायचं तर सावलीतली एक जागा सगळ्यांनी मिळून ठरवा. चुकामूक झाली तर भेटायचं तिथेच. फक्त पिशव्या सांभाळायला आजींना बसवून ठेवू नका. लॉकर भाड्यानं मिळतो, तो घ्या.

नाश्ता इडलीसारखा हलका, तासभर आधी. उपाशीपोटी बसलं तरी मळमळतं. गेट उघडलं की पाण्याकडे धावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, थेट रिकॉइल ही कोस्टर गाठा. कोरड्या राइड सकाळी, पाणी दुपारनंतर. ओल्या अंगानं परत रांगेत उभं राहणं नको होतं.

रिकॉइल समजून घेऊन बसा. तिला इंजिन नाही. गाडी आधी पाठमोरी उंच ओढतात आणि सोडून देतात. ती सुसाट फलाटातून जाते, तीनदा उलटी होते आणि समोरच्या चढावर चढते. तिथे साखळी तिला आणखी वर नेते, पुन्हा सोडते आणि तोच सगळा रस्ता ती मागे तोंड न वळवता, उलटी, परत करते. दुसरी खेप जास्त अंगावर येते, कारण पुढचं वळण दिसतच नाही. पडेल का, असं पोरं विचारतातच. त्यांना चाकं दाखवा: रुळाच्या वर, बाजूला आणि खाली, अशी तिन्हीकडून ती रूळ धरून असतात. महाकालीच्या जत्रेतल्या पाळण्यात जो बिनधास्त बसतो, त्यानं इथे घाबरायचं कारण नाही.

चष्मा, मोबाइल, खिशातली नाणी खाली ठेवा. खांद्यावरचा दांडा बसला की तो स्वतः एकदा ओढून पाहा. डोकं मागे टेकवूनच ठेवा, विशेषतः परतीला; मान पुढे झुकलेली असली तर हिसका बसतो. रक्तदाब, हृदय, मान किंवा कंबरेचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं बसू नये. इथे आग्रह करणारा पाहुणचार कामाचा नाही.

जेवण झाल्यावर गरगर फिरवणाऱ्या राइड टाळा, कोस्टरपेक्षा त्याच पोट ढवळतात. अर्धा तास बसा, मग पाण्यात शिरा. बाहेर पडण्याआधी ओले कपडे पिळून वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा. शुक्रवारची गाडी दुपारी एकची आहे, सकाळी चारमिनारचा मोह आवरा. बल्लारशाहला घ्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला मात्र सिकंदराबाद सोडतानाच फोन करून ठेवा.