बालकांचे श्रवणनिदान आणि शिक्षण

मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे आईला धीर देतात. याचा मामाही उशिराच बोलू लागला होता, असा दाखला दिला जातो. जीभ जड आहे, असेही कोणी सांगते. क्वचित नवसही बोलला जातो. मुलाला ऐकूच येत नसावे, ही शंका मात्र सर्वांत शेवटी येते. ती येऊन तपासणी होईपर्यंत बालक तीन-चार वर्षांचे झालेले असते आणि भाषा ग्रहण करण्याचा सर्वांत सुपीक काळ हातचा गेलेला असतो.

यात पालकांचा दोष थोडाच. हजार नवजात बालकांमागे साधारणतः एक ते दोन बालकांना जन्मतःच कायम स्वरूपाचे श्रवणदोष असतात. परंतु असे बालक इतरांप्रमाणेच रडते, हसते, पहिले काही महिने हुंकारही देते. त्याचे डोळे तरतरीत असतात. आईची सावली पडली तरी ते मान वळवते. घरोघरी केली जाणारी थाळी वाजवण्याची परीक्षा तर फसवीच ठरते. थाळी जमिनीवर आपटली की जमिनीचा कंप बालकाच्या अंगाला जाणवतो, ते दचकते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो.

शास्त्रज्ञांनाही या अडचणीतून वाट काढण्यास बराच काळ लागला. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आयरीन व अलेक्झांडर युइंग या दांपत्याने १९४४ मध्ये तान्ह्या मुलांच्या तपासणीची एक रीत मांडली. बालकाला आईच्या मांडीवर बसवून त्याचे लक्ष समोर गुंतवायचे, नजरेआड बाजूने हलका आवाज करायचा आणि ते मान वळवते काय, हे पाहायचे. ही रीत पुढे अनेक वर्षे वापरात होती. तथापि बालकाची मान स्थिर होऊन ते आवाजाच्या दिशेने वळू लागेपर्यंत, म्हणजे सात-आठ महिन्यांचे होईपर्यंत, ती निरुपयोगी असे. तपासनीस अनुभवी नसेल तर निष्कर्षही चुकत.

कान स्वतःच उत्तर देतो

ही कोंडी १९७८ मध्ये फुटली. लंडनमधील संशोधक डेव्हिड केम्प यांना असे आढळले की, निरोगी आंतरकर्ण केवळ आवाज ग्रहण करीत नाही. बाहेरून ध्वनी दिल्यास तो स्वतःही अतिशय क्षीण ध्वनी परत पाठवतो. कानात लहानशी नळी बसवून, संवेदनक्षम ध्वनिग्राहकाने हा प्रतिसाद टिपता येतो. बालक झोपलेले असले तरी चालते, किंबहुना झोपलेले असणेच बरे. चाचणीस काही मिनिटे पुरतात. प्रतिसाद न मिळाल्यास ‘बेरा’ चाचणी करतात. तीत डोक्यावर विद्युत्‌अग्रे लावून ध्वनीचा संदेश श्रवणतंत्रिकेतून मेंदूकडे पोहोचतो की नाही, याची नोंद घेतली जाते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या, तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बालकांच्या बाबतीत ‘बेरा’ आवश्यकच समजावी. कारण त्यांच्यापैकी काहींचा आंतरकर्ण चांगला असूनही तंत्रिकेत दोष असतो आणि पहिली चाचणी तो दाखवीत नाही.

निदान लवकर झाल्याने मुलाच्या शिक्षणात खरोखर फरक पडतो काय? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा शोध घेतला. त्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत निदान झालेली ७२ बालके आणि त्यानंतर निदान झालेली ७८ बालके यांच्या भाषाविकासाची त्यांनी तुलना केली. दोन्ही गटांना निदानानंतर लवकरच साहाय्य मिळू लागले होते. सामान्य बुद्धिमत्तेच्या मुलांमध्ये पहिल्या गटाची भाषा स्पष्टपणे सरस ठरली. दोष सौम्य असो वा तीव्र, घर सधन असो वा गरीब, मूल बोलून व्यवहार करो वा खुणांनी, हा लाभ सर्वत्र दिसून आला. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत साहाय्य, हा आज सर्वमान्य झालेला क्रम अशा संशोधनातूनच आकारास आला.

यातील ‘खुणांनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मेंदूला वेळेवर हवी असते ती भाषा. ती कानावाटेच आली पाहिजे असे नाही. कर्णबधिर आईवडिलांच्या घरी जन्मलेली कर्णबधिर बालके सांकेतिक भाषा सहजतेने आत्मसात करतात. खुणा शिकवल्यास मूल बोलणार नाही, ही समजूत आपल्याकडे विनाकारण दृढ झाली आहे.

अंगणवाडी आणि शाळा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. त्याच्या तपासणी-यादीत कानाचा उल्लेख तीन ठिकाणी येतो: जन्मजात दोषांत बहिरेपणा, आजारांत मध्यकर्णाचा दाह आणि विकासातील विलंबात श्रवणक्षीणता. आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जावे, अशी योजना आहे. परंतु पथक काही तासच थांबते. मूल रोज दिसते ते सेविकेला आणि शिक्षकाला.

जन्मवेळची चाचणी निर्दोष आली म्हणजे कायमची हमी मिळाली, असे नव्हे. मेंदूज्वर, गोवर, गालगुंड यांनंतर श्रवणशक्ती जाऊ शकते. त्याहून सामान्य प्रकार म्हणजे वाहणारा कान. तो इतका नित्याचा की आजार म्हणून गणलाही जात नाही. गरम तेलाचे थेंब घालून विषय मिटवला जातो. अशा मुलाला आज बरे ऐकू येते, चार दिवसांनी कमी. शाळेत त्याची गणना ‘लक्ष नसलेल्यां’मध्ये होते. श्रुतलेखनाची वही येथे चांगली साक्ष देते. ‘स’, ‘थ’, ‘ख’ यांसारखी व्यंजने स्वरांच्या मानाने क्षीण असतात. ‘सात’ सांगितले असता जो मुलगा वारंवार ‘हात’ लिहितो, त्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याचे कान तपासून घेणे उचित ठरेल. शेजाऱ्याच्या पाटीत पाहूनच कामास लागणारे, प्रत्येक सूचनेला ‘काय?’ विचारणारे मूलही याच यादीत धरावे.

श्रवणयंत्र मिळाले की प्रकरण निकाली निघाले, अशी नोंद कार्यालयीन कागदावर होत असली तरी अडचणींचा प्रारंभ बहुधा तेथूनच होतो. तान्ह्या मुलाचा कान वाढतो, त्यामुळे कानातील साचा काही महिन्यांतच सैल होऊन यंत्र शिट्टी घालू लागते. विद्युत्‌घट संपतो, तो तालुक्याच्या गावीही मिळेलच असे नाही. मग यंत्र कपाटात जाते. यास्तव किती यंत्रे वाटली याबरोबरच मूल ते दिवसातून किती तास घालते, ही विचारणा आढावा बैठकीत झाली पाहिजे. नव्या साच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे भाडे अनेक घरांना परवडत नाही. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या निधीतून ही सोय करणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. वर्गात अशा मुलाला पुढच्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसवावे, म्हणजे शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड पडून ओठांची हालचाल त्याला दिसते. फळ्यावर लिहीत असताना बोललेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.