पिचरच्या हाताचा हिशेब

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत बेसबॉल खेळणारी मुले फार नाहीत. पण जी आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचा हात मुळातच चांगला असतो. दगड मारून कैऱ्या-चिंचा पाडलेल्या, धानाच्या बांधीवर पाखरे हाकायला गोफण फिरवलेल्या पोरांना लांब फेकायला शिकवावे लागत नाही. म्हणून शाळेचा संघ करायचा ठरला की क्रीडा शिक्षक आधी असा एक हात शोधतात. त्या मुलाला पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, करतात आणि पुढे जिल्ह्यापासून राज्यापर्यंत तो एकटाच सगळे सामने टाकतो.

राजुऱ्याकडच्या एका शाळेत तो मुलगा मी होतो. आमच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला तो घरी गेला, जिंकला तो त्याच दिवशी दुपारी पुन्हा मैदानात. सकाळच्या सामन्यात मी, दुपारच्या सामन्यातही मीच, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामना असेल तर तिथेही मी. मधल्या वेळात फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर कमी पडला तर त्याचा ग्लोव्हही माझ्याच हातात यायचा. "सर, हात दुखून राहिला जी," असे म्हटले की बर्फ लावून मिळायचा, मूव्ह चोळून मिळायचे आणि "एवढी मॅच काढ" असे ऐकायला मिळायचे. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. शाळेला पदक हवे होते, मलाही हवे होते, आणि चेंडू मोजायचे असतात हे आमच्यापैकी कोणाच्या कानावर आलेले नव्हते. कॉलेजात गेल्यावर एका सामन्यात कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी तुटल्यासारखे झाले. त्यानंतर मी पिचरच्या जागेवरून कधी टाकले नाही. आज मी मुलांना शिकवतो, आणि हे लिहितो आहे ते त्यांच्या आईवडिलांसाठी व शिक्षकांसाठी.

पिचर उंचवट्यावरून साधारण साडेअठरा मीटरवरच्या होम प्लेटकडे चेंडू फेकतो. चेंडू दीडशे ग्रॅमच्याही आतला, त्यामुळे ताकद लागत नाही असे वाटते. पण हात मागून पुढे येताना कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो आणि प्रत्येक चेंडूला तो पुन्हा येतो. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो. तो पक्का होण्याआधीच रोज ताणला गेला तर आधी सुजतो, मग हाडापासून सुटू लागतो. मोठ्या माणसात अस्थिबंध फाटतो. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर शस्त्रक्रिया केली, शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. त्यातून मैदानावर परतायला वर्ष ते दीड वर्ष जाते. जिवतीच्या किंवा एटापल्लीच्या मुलाला तो खर्च, तो डॉक्टर आणि तेवढा काळ फिजिओथेरपी कुठून मिळणार?

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले. ते मी आमच्या साहित्याच्या खोलीत मराठीत लिहून लावले आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात 85 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाने 95 पेक्षा जास्त नाहीत, सतरा-अठराच्या मुलाने 105. त्याहून महत्त्वाची विश्रांती. पंधरा-सोळाच्या मुलाने एका दिवसात 30 पेक्षा जास्त चेंडू टाकले तर एक दिवस, 45 च्या वर दोन, 60 च्या वर तीन आणि 75 च्या वर गेले तर चार दिवस त्याला पिचरच्या जागी उभे करायचे नाही. पिचर दमला की त्याला कॅचर करायचे नाही, कारण कॅचरही दिवसभर फेकतच असतो. आणि वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद.

आता हे आपल्या बाद स्पर्धांना लावून पाहा. दोन दिवसांत तीन-चार सामने असतील तर एका पिचरवर संघ न्यायचा म्हणजे नियम मोडायचाच. उपाय एकच आहे, संघात निदान तीन मुलांना पिचिंग शिकवायचे आणि वहीत प्रत्येक चेंडूची काडी मारायला एक मुलगा बसवायचा. असे केले की काही सामने हातचे जातात. माझ्या संघाचे गेले आहेत. मुख्याध्यापकांना ते आधी सांगून ठेवावे लागते.

चार महिन्यांच्या विश्रांतीला मात्र आपल्याकडचे वर्ष सोयीचे आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत आटोपतात. मार्च-एप्रिलमध्ये घरचे मोहफूल वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता असतो, आणि चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्या दिवसांत उन्हाळी शिबिर लावून पुन्हा पिचिंग करून घेण्याचा हट्ट शिक्षकांनी सोडावा. सकाळी धावणे, पोहणे, फुटबॉल, खांद्याचे व पोटाचे व्यायाम एवढेच ठेवावे.

मुले मला मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगबद्दल विचारतात, कारण रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांच्यावरचा 2014 चा 'मिलियन डॉलर आर्म' हा चित्रपट कोणीतरी मोबाइलवर पाहिलेला असतो. हे दोघे उत्तर प्रदेशचे, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भालाफेक करणारे. 2008 मध्ये भारतभर झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेत ते निवडले गेले. अमेरिकेत टॉम हाउस या प्रशिक्षकाने त्यांना घडवले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. 2009 मध्ये ते मायनर लीगच्या सर्वांत खालच्या पायरीवर खेळले. दिनेशला 2010 च्या अखेरीस सोडण्यात आले. रिंकू 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघाकडून खेळला आणि नंतर कोपराच्या त्याच शस्त्रक्रियेपाशी येऊन थांबला. इतके चांगले प्रशिक्षण, डॉक्टर, सोयी असूनही. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोचले नाही. तरीही त्यांनी जे केले ते फार मोठे आहे, आणि मुलांना मी ते पूर्ण सांगतो, चित्रपट जिथे संपतो त्याच्या पुढचेही.

मेजर लीगपर्यंतची शिडी अशी आहे. मेजर लीगच्या तीस संघांशी जोडलेले 120 मायनर लीग संघ चार पायऱ्यांवर खेळतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्यांच्याखाली नवशिक्यांच्या लीग. दरवर्षीचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याची फेरी, अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या खेळाडूंसाठी असतो. आपल्या मुलाला त्यात जागा नाही, त्याला सोळाव्या वर्षानंतर एखादा संघ थेट करारबद्ध करू शकतो. पैसाही पाहून ठेवावा. खेळाडूंशी झालेल्या 2023 च्या करारानंतर ट्रिपल-एच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार 35,800 डॉलर झाला, त्याआधी तो 17,500 होता, आणि तळाच्या पायरीवर 4,800. संघ खेळाडूला पैसे देतो, खेळाडूकडून घेत नाही. म्हणून "अमेरिकेची ट्रायल आहे, एवढे भरा" असे म्हणत कोणी दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. आमच्या भागातल्या एका कुटुंबाने त्यासाठी धान विकले होते.

आपली खरी शिडी इथली आहे. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील शालेय गट, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. पुढे गोंडवाना विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण प्रमाणपत्र हातात आहे म्हणून जागा मिळत नाही. ते विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. आपला खेळ, ती स्पर्धा आणि तो दर्जा कोणत्या गटाच्या पदाला चालतो, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून ठेवावे आणि जाहिरात निघायची वाट न पाहता पडताळणी करून घ्यावी. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीला आल्यापासून कागद बारकाईने तपासतात. मूळ प्रमाणपत्र, संघाची यादी, सामन्याचा गुणतक्ता, जे मिळेल ते एका फाइलमध्ये ठेवा.

आणि जन्मतारीख. आमच्याकडे कित्येक मुलांच्या दाखल्यावर जूनची एक तारीख असते, कारण नाव घालताना गुरुजींना घरच्यांकडून तारीख मिळाली नाही. मग ग्रामपंचायतीच्या नोंदीत एक, आधारवर दुसरी, दाखल्यावर तिसरी. वयोगटाच्या स्पर्धेत मुलगा इथेच अडकतो, आणि परदेशी संघ तर वयाचे कागद फार काटेकोरपणे पाहतात. ही दुरुस्ती मूल पाचवी-सहावीत असतानाच करून घ्यावी. दहावीचे प्रमाणपत्र एकदा हातात पडले की तारीख बदलून घेणे फार अवघड जाते.