कुंडीचं शिंकं काळं पडतंय

प्रश्न : बाल्कनीतल्या मनीप्लँटसाठी सुती दोऱ्याचं क्रोशाचं शिंकं विणलं. पावसाळ्यात त्यावर काळे ठिपके आले, कुबट वासही येतो. पुन्हा विणू का?

उत्तर : विणा, पण दोरा बदला. ते ठिपके बुरशीचे आहेत. सुती दोरा पाणी धरून ठेवतो आणि कुंडीच्या बुडाशी तो वाळतच नाही. बाहेरच्या शिंक्यासाठी नायलॉनचा किंवा सुती नसलेला मॅक्रमेचा जाड दोरा घ्या. तोही उन्हाने कालांतराने कमकुवत होतो, म्हणून दर उन्हाळ्यानंतर गाठी ओढून पाहा. ॲक्रिलिकची लोकर कुजत नाही, पण ताणली जाते. ओल्या मातीचं वजन तिच्यावर टाकू नका. बुडाला मुक्या खांबांची घट्ट वीण घाला, वर जाळी चालेल. भोक असलेली कुंडी थेट शिंक्यात ठेवण्याऐवजी खाली ताटली हवीच.

जुनं शिंकं धुऊन कडक उन्हात वाळवा आणि घरात वापरा. उरलेला सुती दोरा मात्र जपून ठेवा. गावी जाताना त्याचं एक टोक पाण्याच्या बाटलीत, दुसरं मातीत दोन बोटं खोल खोचा. चार-पाच दिवस झाड तहानत नाही. बाटली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा.