साडेसोळा हजारांचा हप्ता

एमएस्सी केमिस्ट्रीसाठी १० लाखांचं कर्ज काढायचं म्हणतेस, तर सही करण्याआधी आत्याचे चार शब्द ऐकून घे. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात ३१ वर्षं क्यूसी लॅबमध्ये काढलीत मी. किती पोरं ट्रेनी म्हणून आली नि त्यांतली किती टिकली, सगळं डोळ्यांदेखत झालंय.

आधी वहीत हिशेब मांड. दोन वर्षांचा कोर्स, दर वर्षी ५ लाख उचलायचे, व्याज १० टक्के धर. कोर्स संपल्यावर बँक साधारण आणखी वर्षभर थांबते. थांबतो तो हप्ता हं, व्याजाचं मीटर चालूच. पहिल्या ५ लाखांवर तीन वर्षांचं दीड लाख, दुसऱ्या ५ लाखांवर दोन वर्षांचं एक लाख. सरळव्याजानंच अडीच लाख चढले. हे साडेबारा लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला १६,५०० रुपये. सगळे मिळून जवळजवळ २० लाख जातात.

आता पगार. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्याकडे नव्या एमएस्सीच्या हातात २२ हजार पडत. पत्रावर मात्र ३ लाखांचं सीटीसी ऐटीत छापलेलं. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, शिवाय बस नि कँटीनसुद्धा धरलेलं. म्हणून कोणी पगार सांगितला की ‘हातात किती?’ एवढंच विचारायचं. आणि कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या, हेही. लाजू नकोस, लग्नाच्या बैठकीतसुद्धा विचारतात.

आमच्या लॅबमध्ये एक मुलगा होता, हुशार, हात स्थिर. खासगी विद्यापीठातून आलेला, हप्ता जवळपास तुझ्या हिशेबाएवढाच. दर महिन्याच्या ५ तारखेला तो सकाळपासून मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवायचा. खात्यात पैसे कमी पडले की हप्ता परत जायचा, वर बँकेचा दंड. मग भत्त्यासाठी दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या मागून घ्यायचा. (आमच्या उमेदीत बायकांना कारखान्यात रात्रपाळीच नव्हती, म्हणजे तो भत्ताही नाही. असो.) झोप नाही, डोळे लाल; एकदा चुकीच्या बॅचचं सँपल लावून बसला. पुण्याहून चांगली नोकरी आली होती, पण सुरुवातीला पगार तेवढाच नि खोलीचं भाडं दुप्पट, म्हणून गेला नाही. मला वाईट वाटतं ते त्याचंच. आपल्या धंद्यात पहिली चार-पाच वर्षं पगार रखडत चालतो. मेथड डेव्हलपमेंट, रेग्युलेटरी अशा कामांत हात बसला की उडी मारता येते. हप्त्याखाली दबलेल्याला नेमकी तीच उडी परवडत नाही.

म्हणून माझा अंदाज असा: हप्ता हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसावा. २२ हजारांचा चौथा हिस्सा साडेपाच हजार. त्यावरून उलटं गणित केलंस तर कर्ज येतं सव्वातीन लाखांच्या आसपास. तेवढं खुशाल काढ. शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलीस की बँका बहुधा तारण मागतात, आणि तुझ्या बाबाकडे तारण म्हणजे आजोबांनी लावलेली कलमं.

उरलेलं कुठून आणायचं? आधी फीच कमी कर. सरकारी विद्यापीठाच्या विभागात जागा मिळते का बघ, आयआयटीची जॅम दे. एक वर्ष थांबावं लागलं तर थांब, घरात कोणी बोललं तर माझ्याकडे पाठव. पुढे संशोधनच करायचं असेल तर सीएसआयआर-नेट काढ. त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीला २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत, दोन वर्षांनी ४२ हजार. अमेरिकेतही केमिस्ट्रीच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, मास्टर्सला मात्र सहसा पदरचे घालावे लागतात. जिथे शिकायचे पैसे मिळतात त्या शिक्षणाला कर्ज कशाला?

कॉलेज बघायला गेलीस की इमारतीकडे बघू नकोस. एचपीएलसी मशीन कुठे आहे विचार आणि त्याचं लॉगबुक उघड. शेवटची नोंद कधीची, कोणी चालवलं, विद्यार्थ्यांची नावं आहेत की एकट्या सरांचंच? मशीनवर कव्हर आणि कव्हरवर धूळ असेल तर तिथून नमस्कार करून निघ. नोकरीच्या मुलाखतीत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारायचो, एचपीएलसीचा कॉलम स्वतः बदललायस का? उत्तर द्यायला लागलेल्या माणसाच्या बोटांच्या हालचालीवरूनच कळायचं.

कर्ज काढलंसच, तर शिकतानाच आणि पुढच्या थांबायच्या वर्षातही व्याज भरत जा. पहिल्या वर्षी ते महिना चार हजारांच्या वर होतं, शिकवण्यांतून निघेल. १० लाखांच्या त्याच हिशेबात मग हप्ता १३,२०० वर येतो. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, तीही जुन्या कररचनेत. २२ हजारांच्या पगाराला कर कुठला लागतोय, तेव्हा कर्जाचा एजंट ते ठासून सांगायला लागला तर मान डोलाव नि पुढचं विचार.

रविवारी येशील तेव्हा फीचं पत्रक आणि बँकेचे कागद घेऊन ये. माझा चष्मा बदललाय, बारीक अक्षरही दिसतं आता.