घड्याळांतील माणकें

आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्यानें आपल्या वडिलांचें सेइको कंपनीचें जुनें हातघड्याळ आम्हांस आणून दाखविलें. नवा सेल घातला तरी तें थोड्याच आठवड्यांत थांबे. एका दुकानदारानें तर तें टाकून नवें घेण्याचा सल्ला दिला होता. आम्हीं एका वृद्ध घड्याळजीकडून त्याचें झांकण उघडविलें. आंतील पत्र्यावर ७ए२८ हा क्रमांक व १५ ज्युएल्स हीं अक्षरें होतीं.

"सर, हीं माणकें विकलीं तर नवें घड्याळ येईल काय?" मुलानें विचारलें.

येणार नाहीं. हे खडे खाणींतले नव्हत. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्वाळेंत वितळवून माणिक बनविण्याची कृति पॅरिसच्या व्हेर्नेल ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं जाहीर केली. तेव्हांपासून घड्याळांतील माणिक कवडीमोल झालें आहे.

मग तें घालतात कशास? चाकाच्या आंसाचें बारीक टोंक पितळेच्या भोंकांत वर्षानुवर्षें फिरलें म्हणजे भोंक झिजून लांबट होतें व चाक कलतें. काठिण्याच्या मोजपट्टींत हिऱ्यास १० तर माणकास ९ अंक आहेत. त्यास गुळगुळीत भोंक पाडून त्यांत टोंक बसविलें कीं झीज व घर्षण दोन्ही कमी होतात. ही युक्ति फातिओ नांवाच्या स्विस गणितज्ञाची. १७०४ सालीं लंडनमध्यें तिचें पेटंट घेतलें गेलें. पालकांपैकीं पुष्कळांनीं वापरलेल्या एच्. एम्. टी. जनता घड्याळावरील १७ हा आंकडा अशाच खड्यांचा.

किल्लीच्या घड्याळांत कमानीचा ताण चाकांवर अहोरात्र असतो. क्वार्ट्झच्या घड्याळांत कमान नसते. स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो, त्या कंपांची मोजणी होऊन इवल्या मोटारीस ठराविक वेळानें हलकासा धक्का मिळतो. झीज थोडी, म्हणून स्वस्त घड्याळांत एकहि खडा नसतो. परंतु १९८३ सालचें हें यंत्र क्रोनोग्राफ, म्हणजे कळ दाबून शर्यतीची वेळ मोजावयाचें. त्यांत मोटारी चार, प्रत्येकीची चाकें निराळीं, आणि जोर मात्र एका चिमुकल्या सेलाचा. घर्षण जरा वाढलें कीं कांटा अडतो. येथें खडे शोभेचे नव्हत.

संख्येवर मात्र भाळूं नये. १९६० नंतरच्या दशकांत १०० खड्यांचीं घड्याळेंहि विकलीं गेलीं. त्यांतील कित्येक खड्यांस कोणत्याहि आंसाचा स्पर्श नव्हता!

आमच्या घड्याळांतील खडे शाबूत होते. त्यांतलें तेल सुकून डिंकासारखें झालें होतें. यंत्र धातूचें व स्क्रूंनीं जोडलेलें, म्हणून तें सुटें करतां आलें. घड्याळजीनें चाकें धुतलीं, लांकडी काडीचें टोंक प्रत्येक भोंकांत फिरविलें व सुईच्या अग्रावर मावेल इतकेंच तेल दिलें. यंदाच्या क्रीडादिनीं १०० मीटरच्या शर्यतीची वेळ त्याच घड्याळावर घेतली. कळ त्या मुलाच्या वडिलांनीं दाबली.