शाळेत आपले मूल सुरक्षित आहे काय?

पेरणी-काढणीच्या दिवसांत निर्णा भागातले आईबाप सकाळीच शेताकडे जातात. मूल अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या हवाली असते. म्हणून हा विषय प्रत्येक घराचा आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये महाराष्ट्रात बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. शाळेच्या सफाई कामगाराला अटक झाली. मुलींनी घरी सांगितले व घरच्यांनी ऐकले, म्हणून प्रकार कळला. परंतु तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना तासन् तास थांबावे लागले. 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडविली. पोलिसांना न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला.

शाळेने काय करावे? नोकर ठेवताना पोलिसांकडून चौकशी करून घ्यावी. लहान मुलींना शौचास नेण्याचे काम बाईकडेच असावे. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कोणीही मोठे माणूस राहू नये. शाळा सुटल्यावर ओळखीच्या माणसाच्याच हाती मूल द्यावे.

घरी काय करावे? अंघोळ घालताना मुलाला सांगावे, की अंगाचे झाकलेले भाग कोणी हाताळू नयेत. कोणी हाताळले तर ओरडावे, पळावे आणि घरी सांगावे. "कुणाला सांगू नको" असे म्हणणाऱ्याचीच गोष्ट आधी सांगावी. मूल एकाएकी शाळेला जाण्यास भिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, लघवीला दुखते म्हणू लागले, तर रागावू नये. जवळ घेऊन विचारावे. अशी लक्षणे दुसऱ्या आजारानेही येतात, म्हणून डॉक्टरांना दाखवावे.

संशय आल्यास मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत; ते तसेच कागदी पिशवीत ठेवावेत. 1098 किंवा 112 वर फोन करावा. हे दोन्ही फोन फुकट आहेत. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने प्रथमोपचार मोफत केलेच पाहिजेत. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरच करते.

2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळविणाऱ्यावर मात्र खटला होत नाही. पोलीस मुलाचा जबाब घरी येऊन, गणवेश न घालता घेतात. मुलाचे नाव छापणे हा गुन्हा आहे. आपणही ते चावडीवर बोलू नये.

पुष्कळदा माणसे अब्रूला भिऊन गप्प बसतात. शाळा सरकारी असो वा मिशनची, तिची अब्रू मुलापेक्षा मोठी नाही. आणि दोष मुलाचा कधीच नसतो, हे त्याला आपल्याच तोंडून ऐकू द्यावे.