वास गेला म्हणजे तेल गेलं असं नाही

बारामती-इंदापूर रस्त्यालगत आमची वसाहत उभी राहण्याआधी तिथं मालट्रकचं आवार होतं. आवार बंद पडलं, जागा एनए झाली, प्लॉट पडले. जमिनीखालची डिझेलची टाकी मात्र कुणी काढलीच नाही. एका सकाळी शेजारच्या काकी हंडा घेऊन दारात आल्या. “भाऊ, वास घे बरं. रॉकेल सांडल्यागत वाटतंय.”

पाणी तपासायला दिलं. अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. त्यात खोटं काही नव्हतं. नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू बघतात. तेल बघतच नाहीत. म्हणून अर्जावर स्पष्ट लिहून द्या: खनिज तेल, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन; डिझेलचा संशय असेल तर नॅप्थॅलिनही. पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरला 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक 10500 सांगतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची मर्यादा फक्त 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. इतक्या बेंझिनचा नाकाला पत्ताही लागत नाही.

मग वासच गेला. वसाहतीत सगळे म्हणाले, मिटलं. पण आपल्याकडची जमीन बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि फटींचा काळा खडक. पेट्रोल-डिझेल पाण्याहून हलकं. ते झिरपत जातं आणि भूजलावर तरंगत राहतं. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की भोवतालच्या विहिरी चढतात, तेलही पाण्याबरोबर चढतं आणि मुरमाला माखतं. पाणी उतरलं तरी माखलेलं तेल तिथंच अडकून राहतं. पुढच्या आवर्तनाला किंवा पावसाळ्यात पाणी पुन्हा त्या मुरमाला भिडलं की वास हजर. आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं. तेव्हा एका चांगल्या अहवालावर विसंबू नका. पाणी चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा नमुने घ्या, आणि त्या दिवशी पाणी किती खोल होतं तेही लिहून ठेवा.

नमुना घेण्यातच सगळं आहे. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह खोल असतो, त्यामुळे नळाला खालचं पाणी येतं आणि तेल वरच राहतं. नमुना विहिरीच्या पृष्ठभागावरचाही हवा. बाटली काचेची, काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा नको, आणि लगेच बर्फात. ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. विहिरीवर रंगीत तवंग दिसला तर लांब काठीनं हलवून बघा. लोहाचा तवंग पापडासारखा तुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो.

मातीच्या बाबतीत तर आपला शेतकऱ्याचा हात आडवा येतो. माती परीक्षणासाठी शेतात ठिकठिकाणची माती घेऊन एकत्र करायची, सावलीत वाळवायची, पिशवीत भरायची, ही सवय आपल्याला पक्की आहे. तेलासाठी हीच पद्धत नेमकी उलटी ठरते. वाळवलं की उडणारा भाग उडून जातो, आणि मिसळलं की डाग कुठं आहे ते कळत नाही. टाकीच्या बाजूला, पाणी जिथं चढतं-उतरतं त्या खोलीवरचा मुरूम घ्या आणि ताबडतोब बंद करा.

जिवाची काळजी आधी. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साचते. आत उतरू नका, काठावर विडी-काडी नको, मोटारीचा स्टार्टर तिथंच असेल तर तो दाबू नका. पाणी उकळल्यानं वाफ स्वयंपाकघरात पसरते, आणि जंतुनाशक टाकून तेल जात नाही. उपसा वाढवून विहीर ‘धुवून’ काढायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो ऐकू नका. जोराच्या उपशानं तेल आपल्याच विहिरीकडे ओढलं जातं.

हे फक्त जुन्या टाक्यांचं दुखणं नाही. 2021 साली नीरेपलीकडे, फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरट्यांनी पेट्रोलची भूमिगत वाहिनी फोडली. पेट्रोल रानात मुरलं, विहिरीत उतरलं, पिकं गेली. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये 2013 साली वाहिनीच्या गळतीनं घरांच्या बोअरमध्ये इंधन आलं आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचलं.

तक्रार तोंडी करू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि तहसीलदार, दोघांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून आसपासच्या विहिरींच्या पातळ्या मोजून मागा. पाण्याचा उतार कुठं आहे ते त्यातून कळतं. खडकाच्या फटीतून तेल आडवंही पळतं, म्हणून उताराच्या वरच्या अंगाची विहीरही सोडू नका. जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले आहेत. संशयित जागांची यादी करणं आता जिल्हा प्रशासनाचं काम आहे. अर्जात त्या नियमांचा उल्लेख करा.

आणि प्लॉट घेणार असाल तर जुने सातबारा, फेरफार काढा, उपग्रहाची जुनी छायाचित्रं बघा, शेजारच्या वयस्कर माणसांना विचारा, इथं आधी काय होतं? गॅरेज, पंप, ट्रकचं आवार असं उत्तर आलं, तर माती आणि पाणी तपासून झाल्याशिवाय इसार देऊ नका.